चढ आणि जोडीदार : कोयना खोऱ्यातील धावण्याचा पूर्वेतिहास

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटरची धावण्याची शर्यत, आणि तिच्या तयारीत आज दोन गोष्टी जवळजवळ गृहीत धरल्या जातात: आठवड्यातून एकदा चढ-उतारांच्या रस्त्यावर दोन-तीन तास संथ गतीने घेतलेली लांब धाव, आणि त्या धावेत बरोबर असणारा जोडीदार. या दोन्ही गोष्टी परदेशी प्रशिक्षकांनी विसाव्या शतकाच्या मध्यास रूढ केल्या आणि तेथून त्या भारतात आल्या असे सर्वसाधारणपणे मानले जाते, व शर्यतीच्या सरावापुरते ते खरेही आहे. परंतु सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यासारख्या डोंगरी मुलखाचा इतिहास पाहिला, तर धावणे, चढ आणि सोबती या तिहींचा संबंध येथे त्याहून बराच जुना असल्याचे दिसते, मात्र तो आजच्यापेक्षा वेगळ्या रीतीने जुळलेला होता. पोटासाठी धावणाऱ्या जुन्या माणसाला सोबती टाळता येत नसे आणि चढ तो होईल तेवढा टाळत असे. आजचा धावपटू चढ मुद्दाम शोधत जातो, आणि सोबत्याची गरज मात्र त्याला बऱ्याच अंशी जुन्याच कारणांसाठी भासते.

पाटण हे गाव कोयना आणि केरा या नद्यांच्या संगमावर वसले आहे. महाबळेश्वरला उगम पावणारी कोयना सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर अशी दक्षिणेकडे वाहत येते, हेळवाकजवळ जवळजवळ काटकोनात पूर्वेकडे वळते आणि पाटणवरून पुढे कराडला कृष्णेला मिळते. या एका वळणाने खोऱ्याचे दोन भाग पाडले आहेत: हेळवाकच्या वरचे खोरे अरुंद, दाट झाडीचे आणि अतोनात पावसाचे, तर खालचे तुलनेने रुंद, शेतीचे आणि रहदारीचे. वरच्या भागातील नवजा येथे वर्षाचा पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या पुढे जाणे नवलाचे नाही, आणि तेथून पूर्वेला कराडच्या दिशेने जावे तसा तो झपाट्याने कमी होतो. खोऱ्याच्या दोन्ही अंगांना सडे आहेत. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचे, जांभ्या खडकाचे, झाडोरा नसलेले विस्तीर्ण पठार. सडावाघापूर आणि वनकुसवडे ही या मुलखातील त्यांची ठळक उदाहरणे होत. नदीकाठची वाट आणि माथ्यावरचा सडा यांच्यामध्ये काहीशे मीटरांचा उभा डोंगर असतो, आणि या भागातील दळणवळणाचा सगळा इतिहास म्हणजे त्या उभ्या डोंगराशी केलेली तडजोड आहे असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही.

मराठी राज्यात बातमी आणि पत्र पोचवण्याचे काम प्रामुख्याने पायी चालणाऱ्या व धावणाऱ्या माणसांवर होते. त्यांतील जासूद हा निरोप्या असे आणि प्रसंगी हेरही असे; शिवाजी महाराजांच्या हेरखात्याचे प्रमुख बहिर्जी नाईक यांचे नाव या संदर्भात सर्वपरिचित आहे. कासीद हा मुख्यतः पत्रे नेणारा दूत होता, आणि त्याला ठरलेल्या पल्ल्यासाठी जी मजुरी मिळे तिला अजुरा म्हणत. पेशवाईतील पत्रव्यवहार वाचताना एक गोष्ट वारंवार नजरेस येते, ती अशी की पत्र एका माणसाबरोबर पाठवल्याचे उल्लेख असतात त्याप्रमाणेच ‘जासूद जोडी’ किंवा ‘कासीद जोडी’ पाठवल्याचे उल्लेखही मोठ्या संख्येने आढळतात, म्हणजे दोन माणसे हे या कामाचे एक प्रकारचे एकक मानले गेले होते. हिशेबात, आज्ञेत आणि पोचपावतीत ही जोडी एकच धरली जाई.

या व्यवस्थेमागील कारणे व्यावहारिक होती. वाटेत एक जण तापाने पडला, साप चावला किंवा चोरांच्या हाती सापडला, तरी दुसऱ्याने पत्र पुढे न्यावे, ही पहिली अपेक्षा होती. दोघे असल्यामुळे एकाच्या दिरंगाईला किंवा फितुरीला दुसरा साक्षी राही, आणि पत्राबरोबर जो तोंडी निरोप दिलेला असे तो दोघांच्या तोंडून पडताळून घेता येई. यांखेरीज एक कारण कागदांत सहसा येत नाही, पण लांब पल्ला चाललेल्या कोणालाही ते सुचेल: दिवसामागून दिवस ठरावीक मजल मारायची असेल, तर आपल्या चालीशी चाल जुळलेला माणूस बरोबर असणे हाच वेग टिकवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय असतो. मजल म्हणजे एका दिवसात कापायचे अंतर, आणि तिचा हिशेब एका माणसाच्या उत्साहावर सोडणे कोणत्याही कारभाऱ्याला परवडणारे नव्हते.

कोयना खोऱ्यात या जोडीचे काम विशेष अवघड होते, कारण येथे वर्षातील चार महिने पाऊस वाटेची मालकी घेत असे. ओढे आणि नद्या भरल्या की उतार, म्हणजे पायी ओलांडण्याजोगी पात्रातील उथळ जागा, नाहीसा होई, आणि मग होडीची किंवा सांगडीची वाट पाहावी लागे. सांगड म्हणजे ओंडके किंवा वाळलेले भोपळे एकत्र बांधून केलेला तराफा. झाडीत वाघ-अस्वलांचे भय खरे होते. अशा मुलखात एकट्या माणसाने रात्री चालणे हे धाडसापेक्षा निष्काळजीपणाचे लक्षण मानले जाई, आणि राज्याचा कागद निष्काळजी माणसाच्या हाती देण्याची पद्धत नव्हती.

आता चढाकडे वळावे. कराडहून कोकणात उतरण्यासाठी पाटण, हेळवाक आणि कुंभार्ली घाट ही वाट फार जुनी आहे, कारण नदीनेच ती आखून दिलेली आहे. कराडपासून हेळवाकपर्यंत कोयनेच्या काठाने गेले तर चढ जवळजवळ जाणवत नाही, घाटमाथा अलगद गाठता येतो, आणि खरी उंची पुढे पोफळीकडे उतरताना एकदम पायाखाली येते. चिपळूण हे वाशिष्ठीच्या खाडीवरील बंदर, कराड ही देशावरील पेठ, आणि या दोहोंमध्ये बैलांच्या पाठीवर गोण्या लादून तांडे जात-येत. वर येणाऱ्या मालात मीठ, नारळ आणि सुकी मासळी असे, खाली जाणाऱ्यात धान्य आणि गूळ असे. ओझ्याचा बैल आणि पत्राचा कासीद यांचे हित येथे एकच होते, कारण दोघांनाही कमीत कमी चढाची वाट हवी होती. सड्यावरून जाणारी वाट नकाशावर जवळची दिसली, तरी तिचा उपयोग धनगर, गुराखी आणि शिकारी यांच्यापुरता मर्यादित राहिला.

डोंगराचा मुद्दाम उपयोग करणारे एक ठिकाण मात्र होते, ते म्हणजे किल्ला. पाटणजवळचा दातेगड, ज्याला सुंदरगड असेही नाव आहे, आणि मोरगिरीचा गुणवंतगड हे कोयनेच्या वाटेवर नजर ठेवणारे गड आहेत, आणि दातेगडावर कड्यात कोरून काढलेल्या मारुती व गणपतीच्या मूर्ती आणि खडकात खोल खोदलेली पायऱ्यांची विहीर आजही पाहता येते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांविषयीचे जे विवेचन आहे, त्यातून गडाच्या वाटा शत्रूला सुगम होऊ नयेत याविषयीची दक्षता स्पष्ट दिसते. थोडक्यात, चढ हे संरक्षणाचे साधन होते. गडकऱ्याच्या पायांना त्याचा सराव घडत असे, पण तो सराव हा हेतू नव्हता. आपल्याकडे इतिहासाच्या हौशी लेखनात मावळ्यांच्या काटकपणाचे वर्णन करताना हा फरक विसरला जातो, आणि पोटासाठी डोंगर चढणाऱ्या माणसाला नकळत खेळाडू बनवले जाते.

इंग्रजी अमलात दोन बदल झाले, आणि दोन्हींचा परिणाम आजच्या धावण्यावर आहे. पहिला बदल टपालाचा. कंपनी सरकारच्या डाकेने लांबच्या मजलांऐवजी काही मैलांचे टप्पे ठरवले, आणि प्रत्येक टप्प्यावर थैली एका धावणाऱ्याकडून दुसऱ्याकडे जाऊ लागली. एकच जोडी संपूर्ण वाट कापत असे ती पद्धत मागे पडली, आणि तिच्या जागी ठरावीक अंतरापुरता वेगाने धावणारा हरकारा आला, ज्याच्या हातात घुंगरू बांधलेली काठी किंवा भाला असे. घुंगरांच्या आवाजाने श्वापदे दूर राहत आणि पुढच्या टप्प्यावरचा माणूस तयार होई. ही रीत वेगाच्या दृष्टीने निःसंशय सरस होती, परंतु तिच्यात लांब पल्ल्याचे धावणे संपले. हरकारा रोज तोच टप्पा धावे, तोच परत येई, आणि सोबत म्हणून त्याच्याजवळ फारतर जंगलाच्या टप्प्यात दिलेला मशालजी असे.

दुसरा बदल रस्त्यांचा, आणि चढावरील आजच्या सरावाच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा आहे, जरी त्याची दखल क्वचितच घेतली जाते. एकोणिसाव्या शतकात सह्याद्रीच्या घाटांत जे गाडीरस्ते बांधले गेले, त्यांत कुंभार्लीचा रस्ताही होता, आणि गाडीरस्त्याचा पहिला नियम असा की भरलेली बैलगाडी ओढणाऱ्या बैलाला पेलेल त्याहून अधिक चढ कोठेही ठेवायचा नाही. पायवाट डोंगराला सरळ भिडते आणि मध्येच विसावा देते; गाडीरस्ता मात्र वळणे घेत घेत पायथ्यापासून माथ्यापर्यंत जवळजवळ एकसारख्या उताराने जातो. जुनी पायवाट माणसाला चढता येते पण सलग धावता येत नाही, कारण तिच्यावर पाऊल उचलण्याचा ताल टिकत नाही. घाटरस्त्यावर मात्र तासभर एकाच तालात धावत राहता येते. बैलासाठी घातलेल्या या मर्यादेमुळेच सह्याद्रीत धावण्याजोगा चढ निर्माण झाला, आणि साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट असो किंवा पाटणकडून सडावाघापूरला चढणारा रस्ता असो, त्यांचा उपयोग सरावासाठी होऊ शकतो तो गाडीरस्त्याच्या याच तंत्राने.

धावण्याला व्यायामाचे रूप मात्र रस्त्याने दिले नाही, ते तालमीने दिले. कृष्णा-कोयनेच्या काठच्या गावांत तालीम, म्हणजे कुस्तीच्या मेहनतीची जागा, ही देवळाइतकीच प्रतिष्ठित संस्था होती, आणि तिचे दैवत मारुती. समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी चाफळचे दोन, माजगावचा आणि शिंगणवाडीचा हे पाटण तालुक्यातच आहेत, त्यामुळे बलोपासनेच्या परंपरेला येथे धार्मिक आधारही भक्कम होता. पैलवानाचा दिवस पहाटे सुरू होई; जोर-बैठकांबरोबर माळावर किंवा टेकडीवर पळणे हा मेहनतीचा भाग असे, आणि नंतर हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यात, जोडीदाराबरोबर लढत होई. वस्ताद, म्हणजे तालमीचा गुरू, शिष्याला जोडीदार निवडून देई, आणि त्यात वजन व ताकद यांच्याइतकाच दम पाहिला जाई, कारण फार वरचढ जोडीदार हिंमत खचवतो आणि फार दुबळा जोडीदार अंगात आळस भरतो. जोडीदार हे प्रगतीचे साधन आहे ही कल्पना, जी कासिदांच्या जोडीत नव्हती, तालमीत पूर्णपणे विकसित झालेली दिसते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत जे कांस्यपदक मिळवले, ते याच मुलखातील तालमीचे फळ होते.

लांब पल्ल्याच्या शर्यतीशी सातारा जिल्ह्याचे नाव त्याही आधी, १९२० साली जोडले गेले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ सालची. पहिल्या महायुद्धानंतर तेथे भरलेल्या मैदानी स्पर्धा सर दोराबजी टाटा यांनी अध्यक्ष या नात्याने पाहिल्या, आणि पुढे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी या स्पर्धांचे जे वर्णन केले, त्यावरून तेथील धावपटू बहुतांशी शेतकरी कुटुंबांतील होते, त्यांना धावण्याच्या नियमांची फारशी माहिती नव्हती, ते अनवाणी धावत, आणि तरीही त्यांनी नोंदवलेल्या वेळा युरोपातील वेळांशी तुलना करण्याजोग्या होत्या असे कळते. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड हेही त्या वेळी उपस्थित होते, आणि अँटवर्पच्या ऑलिंपिकला भारतीय चमू पाठवण्याची कल्पना येथून आकाराला आली.

त्या चमूत मॅरेथॉनसाठी दोघांची निवड झाली: बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि साताऱ्याचे सदाशिव दातार. २२ ऑगस्ट १९२० रोजी झालेली ही शर्यत ४२.७५ किलोमीटरची होती, म्हणजे आजच्या मापाहून अर्ध्या किलोमीटरहून अधिक लांब, कारण ४२.१९५ किलोमीटर हे अंतर जरी १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये धावले गेले असले तरी ते अधिकृतपणे निश्चित झाले १९२१ साली. फिनलंडच्या हानेस कोलेमाइनेन याने २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत ती जिंकली. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले, आणि पहिल्याच प्रयत्नात, परक्या हवेत आणि परक्या रस्त्यावर आलेला हा क्रमांक कोणत्याही मोजमापाने उत्तम म्हणावा लागेल. दातार यांना शर्यत पूर्ण करता आली नाही. शतकभरात त्यांचे नाव त्यांच्या स्वतःच्या जिल्ह्यातही जवळजवळ विस्मृतीत गेले, हे काहीसे अन्यायाचे आहे. मॅरेथॉनच्या प्रारंभरेषेवर उभा राहिलेला साताऱ्याचा हा पहिला धावपटू किमान एका शर्यतीच्या नावात तरी असावयास हवा होता.

या दोघांच्या मागे शास्त्रशुद्ध प्रशिक्षणाची यंत्रणा नव्हती, आणि त्या काळी ती युरोपातही फारशी नव्हती. धावपटू भरपूर चालत, अधूनमधून धावत आणि शर्यतीआधी काही मोठ्या धावा घेत. चढावरची लांब धाव ही सरावाची पायाभूत गोष्ट ठरली ती न्यूझीलंडमध्ये, आणि ती ठरवली बुटांच्या कारखान्यात काम करणाऱ्या आर्थर लिडियार्ड या माणसाने. ऑकलंडजवळच्या वायटाकेरे डोंगरांतून जाणारा २२ मैलांचा, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटरांचा एक फेरा लिडियार्ड आपल्या शिष्यांना रविवारी धावावयास लावीत, आणि विशेष म्हणजे ८०० मीटरच्या धावपटूलाही त्यातून सूट नसे. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या शिष्यांपैकी पीटर स्नेल याने ८०० मीटरचे व मरे हॅलबर्ग याने ५००० मीटरचे सुवर्णपदक जिंकले आणि बॅरी मगी मॅरेथॉनमध्ये तिसरा आला, तेव्हा या पद्धतीकडे जगाचे लक्ष गेले. त्याच मॅरेथॉनमध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी धावून पहिला आला होता, त्यामुळे दोराबजींनी पुण्यात पाहिलेल्या अनवाणी धावण्याची टिंगल करण्याचे कारणही उरले नाही.

लिडियार्ड यांच्या पद्धतीत सोबतीला निश्चित स्थान होते. लांब धाव अशा वेगाने घ्यावी की धावता धावता बोलता आले पाहिजे, हा त्यांचा दंडक आज जगभर पाळला जातो, आणि बोलण्यासाठी कोणीतरी बरोबर असावे लागते हे उघड आहे. बोलणे तुटू लागले की वेग वाढला, ही खूण नाडी मोजण्याच्या उपकरणांहून जुनी आणि अजूनही तितकीच विश्वासार्ह आहे. पुढे १९६२ च्या अखेरीस अमेरिकन प्रशिक्षक बिल बॉवरमन ऑकलंडला गेले असता त्यांनी प्रौढ, हृदयविकारातून उठलेल्या आणि वृद्ध माणसांचे गट टेकड्यांवर गप्पा मारत धावताना पाहिले, आणि गटाने धावण्याची ही रीत त्यांच्यामार्फत अमेरिकेत पसरली. भारतातील शहरांत आज पहाटे दिसणारे धावणाऱ्यांचे गट या वंशावळीतले आहेत. कासिदांशी किंवा तालमीशी त्यांचा थेट संबंध जोडणे ओढूनताणून केलेले ठरेल.

चढावर धावल्याने नेमके काय साधते, याचा उलगडा शरीरशास्त्राने नंतर केला. चढताना प्रत्येक पावलाला शरीराचे वजन वर उचलावे लागते, त्यामुळे कमी वेगातही हृदय व फुप्फुसांना वेगवान धावेइतके काम पडते आणि सांध्यांना मात्र तेवढा धक्का बसत नाही. उतरताना स्थिती उलट होते: ऊर्जा कमी लागते, पण मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलतात, आणि स्नायूंना सूक्ष्म इजा होते ती मुख्यतः या प्रकारच्या कामाने. एकदा उतारावर धावल्याने पाय दोन दिवस दुखतात, परंतु त्यानंतर काही आठवडे तसाच उतार पुन्हा उतरला तर दुखणे पुष्कळ कमी असते. स्नायू त्या कामाला सरावतात. मॅरेथॉनच्या शेवटच्या दहा-बारा किलोमीटरांत, जेव्हा स्नायूंत साठवलेली शर्करा संपत आलेली असते आणि पाय जड होतात, तेव्हा हा सराव कामी येतो. पाटणसारख्या भागातील माणसाला उतार चढापेक्षा वाईट असतो हे शास्त्राने सांगण्याची गरज नव्हती. डोक्यावर भारा घेऊन सड्यावरून उतरणाऱ्या बाईच्या गुडघ्यांना ते पिढ्यानुपिढ्या ठाऊक होते.

स्वातंत्र्यानंतर या खोऱ्याचा भूगोलच बदलला. १९५० च्या दशकात काम सुरू होऊन १९६४ साली पूर्ण झालेल्या कोयना धरणाने हेळवाकच्या वरचे खोरे पाण्याखाली नेले, आणि महाबळेश्वरच्या पायथ्यापासून कोयनेच्या काठाकाठाने खाली येणारी जुनी वाट शिवसागर जलाशयात नाहीशी झाली. वासोटा किल्ल्याच्या पायथ्याशी आज बोटीने जावे लागते ते यामुळे. बुडालेल्या गावांतील लोक देशोधडीला लागले, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपाने उरलेल्यांची घरे पाडली, आणि तालुक्यातील तरुण माणूस मुंबईच्या गिरण्या, गोदी आणि बाजारपेठांकडे गेला. ओझे वाहणाऱ्या माथाडी कामगारांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील हे पाटण तालुक्यातील मंद्रुळकोळ्याचे होते, हा योगायोग नव्हे. डोंगरात कमावलेले पाय आणि पाठ शहरात मजुरीला लागली, खेळाला नव्हे. दुसरीकडे धरणाने कराड-चिपळूण रस्ता सुधारला, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस वनकुसवड्याच्या, सुमारे ११५० मीटर उंचीच्या सड्यावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा त्यांची अवजड पाती वर नेण्यासाठी जे रस्ते करावे लागले, त्यांनी इतिहासात प्रथमच सडा चाकाच्या आवाक्यात आणला.

मॅरेथॉनची लोकप्रियता महाराष्ट्रात दोन टप्प्यांत वाढली: १९८३ साली सुरू झालेल्या पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉनने तिची ओळख करून दिली, आणि २००४ पासूनच्या मुंबई मॅरेथॉनने नोकरदार, मध्यमवयीन माणसाला रस्त्यावर उतरवले. सातारा जिल्ह्यात या लाटेने घेतलेले रूप मात्र खास स्थानिक होते. २०१२ साली, म्हणजे ज्या वर्षी कासचे पठार पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले त्याच वर्षी, सातारा रनर्स फाउंडेशनने सातारा हिल हाफ मॅरेथॉन सुरू केली. २१ किलोमीटरांची ही शर्यत शहरातून निघून यवतेश्वरच्या घाटाने कासच्या रस्त्यावर चढते आणि त्याच वाटेने परत उतरते, त्यामुळे तिच्यात सपाट भाग जवळजवळ नाहीच. २०१५ साली एकाच डोंगरी शर्यतीत सर्वाधिक धावपटू, अडीच हजारांहून अधिक, सहभागी झाल्याचा गिनेस विक्रम तिने नोंदवला. शर्यत पावसाळ्याच्या उत्तरार्धात भरते, म्हणून तिची तयारी भर पावसात घाटात करावी लागते, आणि जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनकडे पाहणाऱ्यांना ती मधला मुक्काम म्हणून सोयीची पडते. जे चार महिने कासीदाच्या दृष्टीने सर्वांत वाईट होते, ते आज या प्रदेशातील धावपटूचा मुख्य हंगाम झाले आहेत.

याच जिल्ह्याच्या दुष्काळी पूर्व टोकावरील, माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वर्षे पहिला क्रमांक मिळवला, आणि नंतर ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे व पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याची शर्यत, हा प्रकार घेऊन २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठून दहावे स्थान मिळवले. १९८४ नंतर ऑलिंपिकच्या धावमार्गावर अंतिम फेरीत पोचणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्यांच्या यशानंतर जिल्ह्यातील मुलींच्या धावण्याला जे सामाजिक बळ मिळाले, ते कोणत्याही योजनेने मिळाले नसते.

पाटण तालुक्यातील पहाटेचे धावणे मात्र आजही बहुतांशी मॅरेथॉनसाठी नसते. ते भरतीसाठी असते. सैन्याच्या आणि पोलीस दलाच्या शारीरिक चाचणीत पुरुषांना १६०० मीटर धावावे लागते, पोलीस भरतीत महिलांसाठी हे अंतर ८०० मीटर आहे, आणि या दोन अंतरांसाठी गावोगावचे तरुण महिनोन्‌महिने घाटरस्त्यांवर आणि शाळांच्या मैदानांवर घाम गाळतात. एवढ्या कमी अंतरासाठी लांब चढाची धाव आवश्यक आहे का, हा प्रश्न विचारला जातो. लिडियार्ड यांनी स्नेलला ३५ किलोमीटर धावायला लावून त्याचे उत्तर दिलेले आहे, पण ते गावापर्यंत क्वचितच पोचते, आणि बहुतेक मुले रोज तेच १६०० मीटर जिवाच्या आकांताने धावून पोटऱ्या दुखवून घेतात. भरती झाली की धावणे सुटते, आणि झाली नाही तर वयाची मर्यादा संपताच सुटते. या दृष्टीने हा धावणारा हौशी मॅरेथॉनपटूपेक्षा कासीदालाच अधिक जवळचा आहे, कारण दोघांच्याही धावण्याला पोटाचे कारण आहे.

भरतीची तयारी करणाऱ्या मुली एकट्या धावत नाहीत. दोघी-तिघींनी मिळून निघायचे, उजाडण्यापूर्वी रस्त्यावर उतरायचे असेल तर घरातला कोणीतरी दुचाकीवर मागे ठेवायचा, आणि रानाच्या बाजूचा रस्ता सोडून वस्तीच्या बाजूचा धरायचा, ही पद्धत या भागात रुळलेली आहे. कोयनेच्या वरच्या अंगाला २०१० पासून व्याघ्र प्रकल्प असल्याने बिबटे आणि अस्वलांचा वावर हा तेथे अजूनही धावण्याची वेळ ठरवणारा भाग आहे, आणि गुहागर-विजापूर महामार्गावरील अवजड वाहनांमुळे नदीकाठचा सोपा रस्ता आता चढाच्या रस्त्यापेक्षा अधिक धोक्याचा झाला आहे. सरावाच्या पुस्तकांत सोबत्याचे जे फायदे दिलेले असतात, वेग राखणे, कंटाळा न येणे, ठरल्या दिवशी उठणे, ते या मुलींना मिळतातच. पण त्या सोबत शोधतात ती एकटीने या रस्त्यावर असू नये म्हणून, आणि पेशव्यांचा कारभारी दोन माणसे पाठवीत असे तेव्हा त्याच्या हिशेबातही हेच कारण पहिले होते.